मठ्ठ प्रिंटर

नवा प्रिंटर जुन्या कॉम्प्युटरला जोडायचाय म्हटलं की समोरचा एका दमात सांगून मोकळा होतो, "कॉम्प्युटरच बदला ना आता." सल्ला बिनतोड आहे. फक्त तो देणाऱ्यानं त्या कॉम्प्युटरात काय आहे हे विचारलेलं नसतं. ज्याच्याकडे आजही विंडोज एक्सपी चालू आहे, त्याला आपलं यंत्र जुनं झालंय हे दुसऱ्यानं सांगावं लागत नाही. तो रोज सकाळी देवाचं नाव घेऊनच बटण दाबतो. एमआयडीसीतलं एखादं कटिंग मशीन, पॅथॉलॉजी लॅबमधलं रक्त तपासायचं यंत्र, पतसंस्थेचा जुना हिशेब... अशा ठिकाणी कॉम्प्युटर म्हातारा होऊनही खुर्ची सोडत नाही, कारण आत काहीतरी असं असतं जे सुखासुखी बाहेर निघत नाही.

माझ्या मामांच्या दुकानात ते काहीतरी म्हणजे मराठी आहे.

मामांचं कराडात डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, हरिनाम सप्ताहाची हँडबिलं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, दशक्रियेची पत्रं, पावतीपुस्तकं. एक्सपीचा असेंबल केलेला डबा, त्यावर पानं मांडायला पेजमेकर ७ आणि मराठी टाइप करायला श्रीलिपी. डब्याच्या मागे, पंचवीस पिनांच्या पॅरलल पोर्टात, डोंगल, म्हणजे श्रीलिपीची किल्ली. ते काढलं की मराठी टायपिंग बंद. म्हणून त्यावर चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे आहेत आणि झाडायला येणाऱ्या मावशींना त्या टेबलामागे जायची बंदी आहे.

आता कुणी म्हणेल, युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामाईक संकेतांत, देवनागरी १९९१ सालीच आली होती की. आली होती, पण विंडोजवर ती धड दिसायला २००० साल उजाडलं, 'मंगल' फाँट आला तेव्हा. तोवर छपाईवाल्यांनी लग्नं थांबवायची होती का? त्या काळच्या मराठी फाँटांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले: कुठे काना, कुठे अर्धा ष, कुठे रफार. हाताशी होत्या त्या साधनांत केलेली ती चोख सोय होती, आणि गावोगावच्या पत्रिका तिच्यावरच छापल्या गेल्या. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. युनिकोडची देवनागरी तिला कधीच जमली नाही. त्यामुळे मामांच्या हार्ड डिस्कवरच्या फायली दुसऱ्या कॉम्प्युटरवर, त्या फाँटांशिवाय उघडल्या तर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्यांची चिन्हं यांचा नुसता गोंधळ दिसतो. कन्व्हर्टर मिळतात, नाही असं नाही. मजकूर बदलून देतात, एखादा रफार भलत्या डोक्यावर बसतो तेवढा हातानं काढायचा. पण चौकट, वेलबुट्टी, सोळा कोष्टकांचा ताळेबंद हे सगळं परत मांडायला लागतं. ज्या पतसंस्थेचा अहवाल मागल्या वर्षीच्या फायलीत आकडे बदलून तयार होतो, तिच्यासाठी पहिल्या पानापासून पुन्हा बसायचे पैसे कुणी देत नाही.

तर कॉम्प्युटर राहणार हे ठरलेलंच. गेला तो प्रिंटर. जुना लेझर होता, त्याचा फ्यूजर, म्हणजे टोनर तापवून कागदावर चिकटवणारा भाग, गेला आणि सुटा भाग कुठेच मिळेना. मामांनी दुकानदाराच्या शब्दावर नवा आणला. लेझरच आणला, कारण त्यांना ट्रेसिंग काढावी लागते. मजकूर ट्रेसिंग पेपरवर उलटा, आरशात दिसावा तसा छापायचा आणि तो कागद टोनरची बाजू खाली करून ऑफसेटच्या प्लेटवर ठेवायचा. शाई फवारणाऱ्या प्रिंटरची शाई त्या कागदावर लवकर वाळत नाही, काळेपणाही पुरेसा धरत नाही. टोनरचा काळा लागतो.

नव्या खोक्यात प्रिंटर होता, टोनर होता, बारा-पंधरा भाषांमधली एक घडीपत्रिका होती. केबल नव्हती. हल्ली बऱ्याच खोक्यांत नसते. प्रिंटर वाय-फायवर बोलणार असं गृहीत धरलेलं असतं. सीडीही नव्हती, त्याऐवजी एक क्यूआर कोड. केबल आणली, जोडली. एक्सपीनं कोपऱ्यात फुगा फुगवला, नवं हार्डवेअर सापडलं म्हणून, आणि मग ड्रायव्हरची, म्हणजे या प्रिंटरशी कसं बोलायचं ते सांगणाऱ्या प्रोग्रामची, डिस्क मागितली. मामांनी मला फोन केला. मी गणपतीला जाणारच होतो.

ड्रायव्हर उतरवायचा तर कंपनीची वेबसाइट उघडायला हवी, आणि एक्सपीतल्या इंटरनेट एक्सप्लोररला ती उघडतच नाही. वेबसाइटशी सुरक्षित बोलायची कुलूप-किल्लीची जी पद्धत त्याला येते ती जगानं टाकून दिली. माझ्या लॅपटॉपवरून फाइल घेऊन पेन ड्राइव्हनं टाकली, तर एक्सपी म्हणाला, ही वैध विन-३२ प्रणालीच नाही. नव्या साधनांनी बांधलेला प्रोग्राम एक्सपीवर चालवला की हेच वाक्य येतं. वाचणाऱ्याला वाटतं फाइल खराब उतरली, आणि तो बिचारा पुन्हा पुन्हा उतरवत बसतो. मामांनीही तेच केलं होतं असं दिसलं, डेस्कटॉपवर त्याच नावाच्या फायलींची रांग होती. फाइल धडधाकट होती. ती विंडोज १० च्या पुढच्यांसाठी होती, एवढंच.

"वायर बसली, दिवा लागला, मग अडतंय कुठं?" मामांचा प्रश्न. प्रश्न चांगला होता आणि त्याचं उत्तर द्यायला थोडं मागे जावं लागतं.

१९७० मध्ये सेंट्रॉनिक्स कंपनीनं आपल्या प्रिंटरसाठी एक जोडणी काढली: आठ तारांवरून एका वेळी एक अक्षर. १९८१ मध्ये आयबीएमनं आपल्या पहिल्या पीसीला त्याच पद्धतीचा पंचवीस पिनांचा पोर्ट दिला. विंडोजच्या आधीच्या डॉसमध्ये त्याचं नाव एलपीटी वन. तेव्हाचा प्रोग्राम त्या पोर्टात सरळ अक्षरं ओतायचा. ठळक हवं असेल तर २७ आणि ६९ हे दोन आकडे आधी पाठवायचे, पान ढकलायचं तर १२. एप्सननं आपल्या डॉट मॅट्रिक्ससाठी ठरवलेले हे संकेत इतके पसरले की बाकीच्या कंपन्यांनीही तेच उचलले. भारतात बनलेले डॉट मॅट्रिक्सही तेच समजायचे. प्रिंटरचं मॉडेल कुठलं, याची फॉक्सप्रोत लिहिलेल्या हिशेबाच्या प्रोग्रामला फिकीर नसे. पुढे १९८४ मध्ये एचपीचा लेझरजेट आला, पान कसं मांडायचं हे त्याला सांगायची भाषा पीसीएल. त्याच वर्षी ॲडोबीनं तशीच दुसरी भाषा, पोस्टस्क्रिप्ट आणली.

पोस्टस्क्रिप्टचा पहिला गाजलेला प्रिंटर म्हणजे ॲपलचा १९८५ चा लेझररायटर. त्याची एक गंमत मला फार आवडते. त्याच्या पोटात १२ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर होता आणि दीड मेगाबाइट मेमरी, आणि ज्या मॅकिंटॉशला तो जोडायचा त्याचा प्रोसेसर ८ मेगाहर्ट्झचा. प्रिंटर कॉम्प्युटरपेक्षा हुशार! किंमतही तशीच, सात हजार डॉलरला पाच कमी. त्याच वर्षी पेजमेकर आला, आणि या तिघांच्या मेळातून डेस्कटॉप पब्लिशिंग नावाचा धंदा उभा राहिला. मामांच्या दुकानाच्या पाटीवरची 'डीटीपी' ही तीन अक्षरं तिथली आहेत. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे आपलं कूळ चांगलं आहे."

मग प्रिंटर स्वस्त करायची स्पर्धा लागली. विंडोज आलं, कॉम्प्युटर वेगवान झाले, आणि कुणाच्या तरी लक्षात आलं की पान मांडायची अक्कल प्रिंटरमध्ये ठेवायची गरजच नाही. तो खर्च वाचवा. पूर्वीचा प्रिंटर आचारी होता: "पन्नास पानांचा साखरभात" म्हटलं की पुढचं त्याचं तो बघे. नवा स्वस्त प्रिंटर वाढपी. शिजवून, पातेल्यात भरून हातात द्या, तो फक्त पानावर घालणार. ठिपका ठिपका मांडून तयार केलेलं पान ड्रायव्हर त्याच्याकडे पाठवतो, तेही त्या कंपनीच्या खाजगी पद्धतीनं बांधून. काही प्रिंटर तर इतके रिकामे असतात की चालू केल्यावर त्यांची स्वतःची अक्कलही दर वेळी कॉम्प्युटरनं भरावी लागते.

हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. यामुळेच लेझर प्रिंटर घराघरांत आला. पण अशा प्रिंटरचं आयुष्य त्याच्या लोखंडावर ठरत नाही, ड्रायव्हरवर ठरतं. ज्या विंडोजसाठी ड्रायव्हर लिहिला तेवढंच त्याचं जग. मामांनी आणलेला प्रिंटर या जातीचा होता. मी मामांना तेव्हा 'मठ्ठ' हाच शब्द वापरून सांगितलं, आणि तो घरात रुजला. खरं तर बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. परत जाईपर्यंत तो मामेबहिणीच्या लॅपटॉपला जोडलेला होता आणि झकास चालला.

त्या वेळी मात्र तो परत करायच्या आधी जे जे करून बघता आलं ते बघितलं. पहिला विचार असा की प्रिंटर माझ्या लॅपटॉपला जोडावा आणि तिथून एक्सपीला वाटून द्यावा. पूर्वी हे सगळीकडे चालायचं. डॉसच्या प्रोग्रामलासुद्धा 'नेट यूज एलपीटी वन' अशी एक ओळ लिहून दुसऱ्या खोलीतला प्रिंटर आपलाच आहे असं भासवता यायचं. पण एक्सपी वाटपासाठी जी बोली बोलतो ती, एसएमबीची पहिली आवृत्ती, विंडोज १० नं २०१७ च्या शेवटापासून मुळातूनच बसवणं बंद केलं. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस याच दारानं जगभर शिरला होता, इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांचं कामकाज त्यानं ठप्प केलं होतं. सेटिंगमध्ये जाऊन ते दार पुन्हा उघडता येतं. ते उघडायला सांगणारे व्हिडिओ ढिगानं आहेत. मी नाही उघडलं. ज्या लॅपटॉपवर माझं बँकेचं काम चालतं त्याची कडी एका प्रिंटरसाठी काढून ठेवणं मला मूर्खपणा वाटतो, आणि या बाबतीत मायक्रोसॉफ्टनं केलं ते योग्यच केलं.

दुसरा विचार माझा लाडका होता. एक रास्पबेरी पाय, म्हणजे पत्त्यांच्या कॅटएवढा छोटा कॉम्प्युटर, मध्ये ठेवायचा. त्यावर लिनक्स आणि 'कप्स' ही छपाईची प्रणाली. एक्सपीनं त्याला ओळखीचा पोस्टस्क्रिप्ट द्यायचा, त्यानं तो शिजवून मठ्ठ प्रिंटरच्या हातात द्यायचा. यातही अडचण आहे, कारण अशा प्रिंटरचे लिनक्स ड्रायव्हर असले तरी ते रास्पबेरी पायच्या प्रोसेसरसाठी असतीलच असं नाही; पण वाट निघते, आणि असल्या वाटा काढायला मला आवडतं. मामांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू पुण्याला गेल्यावर हे बिघडलं तर कोण बघणार?" मी गप्प. दुकान त्यांचं, गिऱ्हाईक त्यांचं, आणि लग्नाची तारीख लिनक्ससाठी पुढे जात नसते. घरातल्या हौशी लोकांनी केलेल्या निम्म्या दुरुस्त्या या एका प्रश्नाला टिकत नाहीत, असं माझं मत झालंय.

तोवर गाडं अडू नये म्हणून पीडीएफ. पेजमेकरमधून पोस्टस्क्रिप्ट फाइल काढायची, एक्सपीवरच्या डिस्टिलरनं तिची पीडीएफ करायची, पेन ड्राइव्हनं मामेबहिणीच्या लॅपटॉपवर न्यायची आणि तिथून छापायची. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार सोबत बांधलेले असतात, त्यामुळे फाँट नसले तरी मराठी जशीच्या तशी उमटते. ज्यांचं काम महिन्याला दोन-चार पानांचं आहे त्यांनी याच्या पुढे जाऊच नये. पैसा लागत नाही, काही बिघडत नाही. पण डीटीपीचं काम असं चालत नाही. गिऱ्हाईक शेजारी बसलेलं असतं. "आत्याबाईंचं नाव वर घ्या," छाप. "आता काकांचं खाली वाटतंय," छाप. दर वेळी पेन ड्राइव्ह काढायचा-घालायचा म्हटल्यावर मामा दुसऱ्याच आठवड्यात वैतागले. शिवाय पेन ड्राइव्ह लॅपटॉपवरून परत एक्सपीत यायचा, आणि २०१४ च्या एप्रिलनंतर ज्याला सुरक्षेचं ठिगळ लागलेलं नाही अशा यंत्रात तो सारखा खुपसणं मला बघवत नव्हतं.

शेवटी प्रिंटर बदलला. दुकानदार चांगला, फरक भरून घेऊन त्यानं दुसरा दिला. तो निवडताना पानं मिनिटाला किती, वाय-फाय आहे का, मोबाइलवरून छापतं का, यातलं काही बघितलं नाही. खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरांत जो तक्ता असतो त्यात दोन ओळी शोधल्या. एक, भाषा: पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट असं स्पष्ट लिहिलेलं हवं, सुसंगत, एम्युलेशन (म्हणजे नक्कल), काहीही चालेल. दोन, इथरनेटचं, म्हणजे नेटवर्क केबल लावायचं भोक. स्वस्त मॉडेलांत या दोन्ही गोष्टी नसतात. त्याच कंपनीच्या दोन पायऱ्या वरच्या मॉडेलात असतात. ऑफिसांसाठी बनवलेले प्रिंटर ही जुनी अक्कल अजून सोडत नाहीत, कारण मोठ्या ऑफिसांतही कुठेतरी कोपऱ्यात मामांचा भाऊबंद बसलेला असतोच.

जोडणीला चहा निवण्याइतका वेळ लागला. कॉम्प्युटरच्या मागे एक नेटवर्क केबल, तिचं दुसरं टोक थेट प्रिंटरमध्ये. मध्ये राउटर नाही, इंटरनेट नाही. एक्सपी मामांच्या दुकानाबाहेरच्या जगाशी बोलतच नाही, आणि ते तसंच बरं. दोघांना एकाच आळीतले दोन पत्ते हातानं दिले. मग एक्सपीत नवा प्रिंटर जोडताना 'लोकल' निवडायचा, 'टीसीपी-आयपी पोर्ट' तयार करायचा, प्रिंटरचा पत्ता घालायचा. पोर्ट ९१००, जो बहुतेक नेटवर्क प्रिंटर आल्या डेटासाठी उघडा ठेवून बसलेले असतात. आणि ड्रायव्हर? तो उतरवायचा नाहीच. एक्सपीच्या स्वतःच्या यादीत खाली जाऊन 'एचपी लेझरजेट ४' निवडला. तो प्रिंटर १९९२ चा. कंपनी भलतीच, मॉडेल तीस वर्षांनी पुढचं, पण पीसीएल तेच.

"खोटं नाव सांगून छापायचं का?" मामांनी विचारलं.

छापलं. पहिलं पान एका सप्ताहाचं हँडबिल होतं, काल्याच्या कीर्तनाच्या ओळीपर्यंत जसंच्या तसं. दोन्ही बाजूंनी छापणं आणि टोनर गडद-फिकट करणं या गोष्टी जुन्या ड्रायव्हरला माहीत नाहीत; त्या प्रिंटरच्या अंगावरच्या बटणांवरून कायमच्या लावून ठेवल्या. ट्रेसिंगसाठी काळेपणा वरच्या टोकाला. समास किंचित सरकत होता, तो मामांनी त्यांच्या पद्धतीनं, पट्टी लावून, पेजमेकरमध्येच दुरुस्त केला. एखाद्या गुंतागुंतीच्या चित्राला पीसीएल पुरलं नाही तर यादीतच 'जेनेरिक'खाली 'एमएस पब्लिशर इमेजसेटर' नावाचा साधा पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हर असतो. तोही दुसऱ्या नावानं जोडून ठेवलाय. एकच यंत्र, दोन नावं. मामा एकाला 'रोजचा' म्हणतात, दुसऱ्याला 'गणपतीचा', कारण वेलबुट्टीतला गणपती त्यावरच नीट येतो.

गमतीचा भाग हा की दुनियाही हळूहळू याच बाजूला वळतेय. २०१० मध्ये ॲपलनं फोनवरून ड्रायव्हरशिवाय छापायचं एअरप्रिंट आणलं, कारण फोनमध्ये शेकडो ड्रायव्हर भरणं शक्यच नव्हतं. प्रिंटरलाच एक सामाईक भाषा शिकवावी लागली. पाठोपाठ तशाच सामाईक पद्धती आल्या, आयपीपी एव्हरीव्हेअर, मोप्रिया. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनंही जाहीर केलं की बाहेरच्या कंपन्यांचे प्रिंटर ड्रायव्हर टप्प्याटप्प्यानं बंद करत नेणार. एक्सपीला या नव्या बोलीचा उपयोग नाही, पण आज जो कॉम्प्युटर नवा आहे तो पंधरा वर्षांनी कुणाच्या तरी दुकानात म्हातारा होऊन बसलेला असणार, आणि त्याला याचा उपयोग होईल.

मामांचं बघून वजनकाट्याचे मालक आले. हमरस्त्यावर त्यांचा काटा आहे, सीझनला उसाच्या गाड्यांची रांग असते. डॉसवरचा फॉक्सप्रोचा प्रोग्राम. लिहिणारा कधीच गाव सोडून गेलेला. डॉट मॅट्रिक्स बंद पडला होता आणि त्यांना मामांसारखा "आवाज न करणारा" हवा होता. त्यांना म्हटलं, पावत्या किती प्रती काढता? तीन, म्हणाले, मध्ये कार्बन. मग लेझर विसरा. कार्बनवर उमटायला पिनेचा ठोका लागतो, आणि तो आवाज करणारच. शिवाय कोरा डॉट मॅट्रिक्स अजून दुकानात मिळतो. एप्सनच्या एलएक्स-३१० ला तर यूएसबी, सीरियल आणि जुना पॅरलल असे तिन्ही पोर्ट आहेत. त्यांनी तो घेतला, जुनीच केबल लावली. ड्रायव्हर नाही, सेटिंग नाही. प्रोग्रामनं नेहमीसारखे २७ आणि ६९ पाठवले आणि गाडीचा नंबर ठळक आला. गाळप तोंडावर आलं होतं, म्हणून रिबिनी त्यांनी तिथल्या तिथे डझनानं उचलल्या, आणि मामांकडे पावतीपुस्तकांची ऑर्डर देऊन गेले.